इंग्रजीच्या तासाला कोडी घाला

जुलै २०१५ मध्ये बेल्जियममधल्या एका विद्यापीठनगरीत फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा झाली आणि ती न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी जिंकली. रिचर्ड्सना फ्रेंच येत नव्हते. स्पर्धेआधी जेमतेम नऊ आठवडे त्यांनी फ्रेंच स्क्रॅबलचा शब्दकोश पाठ केला होता. कोणता अक्षरसमूह चालतो आणि कोणता नाही, एवढेच त्यांनी डोक्यात साठवले. अर्थाच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. अंतिम फेरीत त्यांनी हरवलेला खेळाडू गॅबन या फ्रेंचभाषक देशातला होता. २०२४ मध्ये त्यांनी हाच पराक्रम स्पॅनिशमध्ये करून दाखवला.

थायलंडमध्ये तर ही गोष्ट एका माणसापुरती नाही. तिथे मुलांचा इंग्रजी शब्दसंग्रह वाढावा म्हणून शाळाशाळांत इंग्रजी स्क्रॅबल खेळवले जाते. त्यातून पानुपोल सुज्जयाकोर्न २००३ मध्ये आणि पाकोर्न नेमित्रमन्सुक २००९ मध्ये इंग्रजी स्क्रॅबलचे जगज्जेते झाले. पण या देशातल्या कितीतरी पट्टीच्या खेळाडूंना आपण पटावर मांडलेल्या शब्दांचे अर्थ सांगता येत नाहीत. इंग्रजी संभाषणात ते अडखळतात. खेळ इंग्रजीत, जिंकणे इंग्रजीत आणि इंग्रजी मात्र जिथल्या तिथे.

शब्दखेळ खेळवले की मुलांना भाषा येते, या लाडक्या समजुतीला ही उदाहरणे चांगलाच चाप लावतात. म्हणून कोडी वर्गाबाहेर काढा असे कोणी म्हणेल, तर तेही चूक ठरेल. प्रश्न कोडे कोणत्या जातीचे आहे हा आहे. काही कोडी अक्षरांची असतात. स्क्रॅबल, वर्डल, चौकोनात लपवलेले शब्द शोधणे, अक्षरांची उलटापालट हे सगळे त्यात येते. ब्रिटिश कोडेकार हेन्री ड्यूडनी यांचे १९२४ सालचे ‘सेंड अधिक मोअर बरोबर मनी’ हे अक्षरगणित तर लाजवाब आहे. प्रत्येक अक्षराच्या जागी एक अंक बसवायचा आणि बेरीज जुळवायची. पण ते सोडवणाऱ्याला ‘सेंड’ म्हणजे काय हे कळले नाही तरी काहीच अडत नाही. दुसरी कोडी अर्थाची असतात. त्यांतले वाक्य समजले नाही तर गाडी एक इंचही पुढे सरकत नाही. इंग्रजी शिकवायला ही दुसरी कोडी हवीत, आणि आपल्याकडे नेमकी पहिल्यांचीच चलती आहे.

दहावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेतला पहिला प्रश्न पाहावा. दिलेल्या मोठ्या शब्दातल्या अक्षरांपासून किमान तीन अक्षरी चार शब्द बनवा, गाळलेली अक्षरे भरा, शब्द वर्णानुक्रमाने लावा, शब्दसाखळी पूर्ण करा. घोकंपट्टीच्या प्रश्नांपेक्षा हे बरे, यात शंका नाही, आणि हेतूही चांगलाच आहे. पण शब्दसाखळीसाठी मुले आता कोणत्या अक्षराला कोणता शब्द याची यादीच पाठ करून जातात. खेळाचे पाठांतर झाले की त्यात खेळही उरत नाही आणि भाषाही.

अक्षरांच्या कोड्यांना अगदीच मोडीत काढायला नको. त्यांचा एक उपयोग पक्का आहे आणि तो स्पेलिंगचा. ‘ॲलिस’चा जनक लुईस कॅरल पेशाने गणिताचा अध्यापक. त्याने १८७७ च्या नाताळात दोन मुलींचा वेळ जावा म्हणून एक खेळ रचला आणि १८७९ मध्ये तो लंडनच्या ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये छापून आला. एका शब्दातले एकेक अक्षर बदलत दुसऱ्या शब्दापर्यंत जायचे आणि वाटेतला प्रत्येक टप्पा खरा शब्द असला पाहिजे, एवढाच नियम. ‘हेड’पासून ‘टेल’पर्यंत, म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत जाण्याची कॅरलची वाट अशी: हेड, हील, टील, टेल, टॉल, टेल. देवनागरीत लिहिताच सगळी मजा जाते. दोन वेगळे ‘टेल’ एकसारखे दिसू लागतात, एका अक्षराची उडी कुठे मारली तेही कळत नाही. मराठी मुलाला इंग्रजी स्पेलिंगचा जाच का होतो, ते या बिघाडातूनच दिसते. ‘हेड’मधले शेवटचे ‘डी’ काढून ‘एल’ ठेवले तर शब्द ‘हील’ होतो, म्हणजे बरे करणे. मधली ‘ई-ए’ ही जोडी जिथल्या तिथे राहिली, तरी तिचा उच्चार बदलला. जे लिहिले ते वाचायचे, या शिस्तीत वाढलेल्या मुलाला असला घोळ नियमाने पटवून देता येत नाही. फळ्यावर अशा चार शिड्या चढून उतरला की तो त्याच्या अंगवळणी पडतो. तेवढ्यापुरते कॅरलचे आभार मानावेत आणि पुढे जावे.

अर्थाच्या कोड्यांचा मोठा प्रयोग झाला तो आपल्या शेजारीच, दक्षिणेत, तोही चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी. एन. एस. प्रभू तेव्हा ब्रिटिश कौन्सिलच्या मद्रास कचेरीत काम करत. मुलांना इंग्रजीची वाक्यरचना ठरावीक क्रमाने, एकेक करून घोटवायची, ही त्या काळची मान्य पद्धत होती. मुले वर्गात बिनचूक वाक्ये म्हणत आणि वर्गाबाहेर पाऊल पडताच गप्प होत. प्रभूंनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास आणि आसपासच्या काही साध्यासुध्या शाळांत ती घोटवणी बंद केली. व्याकरणाचा धडा नाही, नव्या शब्दांची यादी नाही. त्याऐवजी रेल्वेचे वेळापत्रक, गावाचा नकाशा, वर्गाचे वेळापत्रक, महिन्याचे कॅलेंडर. अमुक गाडी चुकली तर पुढची कोणती धरावी म्हणजे संध्याकाळच्या आत पोचता येईल? प्रश्न इंग्रजीत, माहिती इंग्रजीत, आणि मुलांचे सगळे लक्ष गाडी पकडण्याकडे. भाषाशिक्षणाच्या जगात हा ‘बंगलोर प्रोजेक्ट’ म्हणून ओळखला जातो. प्रभूंचे १९८७ साली निघालेले ‘सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी’ हे पुस्तक कार्याधारित शिक्षणाचा विषय निघाला की आजही जगभर हमखास आठवले जाते.

प्रभूंनी वर्गातल्या कामांचे तीन प्रकार मानले. एकाकडची माहिती दुसऱ्याला पोचवायची, हा पहिला. दिलेल्या माहितीतून तर्काने नवी माहिती काढायची, हा दुसरा. स्वतःचे मत मांडायचे, हा तिसरा. अनुभवांती त्यांचा कौल पडला तो दुसऱ्याला, म्हणजे तर्काच्या कामाला. कारण पाहिले तर सरळ आहे. मत मांडायला जेवढी भाषा लागते तेवढी नवशिक्याकडे नसते, आणि नुसती माहिती वाचून दाखवायला डोके लागत नाही. तर्काच्या कामात वाक्य पुन्हा पुन्हा वाचावे लागते. एकदा वाचून उत्तर सापडत नाही, म्हणून मूल मागे जाते, ‘आफ्टर’ आणि ‘बिफोर’ यांच्यात आपली गल्लत झाली का ते पाहते. एरवी चार वेळा सांगूनही जे मूल धडा दुसऱ्यांदा वाचत नाही, ते इथे कोणी न सांगता पाच वेळा वाचते. काम किती अवघड असावे, याचाही त्यांनी व्यवहारी अंदाज दिला होता: निम्म्या वर्गाला निम्मे काम तरी जमले पाहिजे. आपल्याकडच्या कितीतरी प्रश्नपत्रिकांना ही मोजपट्टी लावून पाहण्यासारखी आहे.

प्रयोग निर्दोष होता असे नाही. ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस यांनी त्याचे मूल्यमापन करून १९८५ मध्ये निष्कर्ष छापले. प्रयोगातली मुले ऐकून समजण्यात, संदर्भात भाषा वापरण्यात सरस ठरली. रचनेच्या नेहमीच्या चाचणीत मात्र जुन्या पद्धतीने शिकलेल्या मुलांनी बाजी मारली. ज्याला जे शिकवले ते त्याला आले, असेही त्यावर कोणी म्हणू शकतो. पण व्याकरण न शिकवता मुले भाषेत मागे पडली नाहीत, ही गोष्ट छोटी नाही.

एक साधे कोडे घेऊ. आशा, सलमा आणि गणू यांच्यापुढे पोहे, उपमा आणि मिसळ अशा तीन बशा आहेत. प्रत्येकाने एकेक पदार्थ खाल्ला. कोणी काय खाल्ले? सूचना दोनच, त्याही इंग्रजीत: ‘नायदर आशा नॉर गणू एट उपमा’ आणि ‘गणू डिड नॉट ईट मिसळ’. पहिल्या वाक्यावरून उपमा सलमाकडे जातो, दुसऱ्यावरून गणूला पोहे मिळतात आणि मिसळ आशाची. आता एखाद्या मुलाने ‘नायदर-नॉर’ला ‘आयदर-ऑर’ समजून आशा किंवा गणू यांच्यापैकी एकाने उपमा खाल्ला असे धरले, तर काय होते? उत्तर एक येत नाही, तीन येतात. काहीतरी बिनसले आहे हे त्याला बाईंनी सांगावे लागत नाही, लाल शाईची गोल खूण लागत नाही. कोडेच त्याला परत वाक्याकडे धाडते. आणि याच उदाहरणात ‘ईट’चा भूतकाळ ‘एट’ होतो आणि ‘डिड नॉट’ आले की तो पुन्हा ‘ईट’ होतो, हेही बिनबोभाट डोळ्यांखालून गेले. ‘नायदर-नॉर’चे कोष्टक फळ्यावर काढून तास घालवण्यापेक्षा या तीन बशा स्वस्त पडतात.

याच घराण्यातले थोरले कोडे म्हणजे पाच रंगांच्या पाच घरांचे. कोण पाणी पितो आणि झेब्रा कोणाचा, असा त्यातला प्रश्न. ‘लाइफ इंटरनॅशनल’ नियतकालिकात ते डिसेंबर १९६२ मध्ये छापले गेले होते. आइनस्टाइनने लहानपणी ते रचले, अशी कथा व्हॉट्सॲपवर दर सहा महिन्यांनी फिरते, तिला आधार मात्र काही नाही. कोडे तसेही झकास आहे, त्याला मोठ्या माणसाच्या नावाचा टेकू लागत नाही. जगभरचे इंग्रजीचे शिक्षक ते वेगळ्या रीतीने वापरतात. सूचना चिठ्ठ्यांवर लिहून गटातल्या मुलांना वाटायच्या. चिठ्ठी दाखवायची नाही, फक्त वाचून दाखवायची. आता ज्याच्याकडे ‘हिरवे घर पांढऱ्याच्या लगेच उजवीकडे’ ही चिठ्ठी आहे, त्याला तोंड उघडल्यावाचून गत्यंतर नाही. ऐकणाऱ्याला नीट कळले नाही, तर तो ‘उजवीकडे की शेजारी?’ असे विचारणार, आणि तेही इंग्रजीत. वर्गातला हुशार मुलगा इथे एकटा कोडे फोडू शकत नाही, कारण मागच्या बाकावरच्या अबोल मुलीकडची चिठ्ठी त्याला हवीच असते. प्रभू स्वतः गटकार्याला फारसे अनुकूल नव्हते. मुलांनी एकमेकांचे मोडके इंग्रजी ऐकण्यापेक्षा शिक्षकाचे ऐकावे, असे त्यांना वाटे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला बोलण्याची पाळी यायची, तर चिठ्ठीसारखा दुसरा उपाय सहज सुचत नाही.

राहिला प्रश्न कोट्यांचा. पु. ल. देशपांडे आणि आचार्य अत्रे यांना डोक्यावर घेणाऱ्या समाजाला शब्दांच्या खेळाचे वावडे असण्याचे कारण नाही. अंगणात बसून कोडी घालणारी आजी आणि लग्नघरातले उखाणे ही तर आपली घरची परंपरा. इंग्रजीच्या वर्गात मात्र विनोद बाहेर चपलांपाशी ठेवून यायचा, असा अलिखित नियम दिसतो. इंग्रजी मुलांचे एक जुने कोडे पाहा. सहा हा आकडा साताला का घाबरतो? ‘बिकॉज सेव्हन एट नाइन’. सात, आठ, नऊ. आणि साताने नवाला खाल्ले. इंग्रजीत आठ आणि ‘खाल्ले’ यांची स्पेलिंगे निरनिराळी असल्याने लिहिताना कोटीतल्या एका अर्थाची निवड करावी लागते. देवनागरीत दोन्ही ‘एट’ एकच, त्यामुळे इथे आपली लिपी इंग्रजांच्या विनोदाला इंग्रजांपेक्षा जास्त साथ देते. मुद्दा असा, की या ओळीला जे मूल हसले त्याला ‘ईट’चा भूतकाळ येतो. वेगळी चाचणी घ्यायला नको.

हात आहेत पण टाळी वाजवता येत नाही, असे काय? या कोड्याचे इंग्रजी उत्तर घड्याळ. मराठी मुलाला ते सुचणार नाही, कारण आपल्या घड्याळाला काटे असतात. फणीला दात दोन्ही भाषांत आहेत. सुईला इंग्रजीत डोळा, आपल्याकडे नेढे. असली कोडी सोडवताना मूल हरते, आणि हरतानाच दोन भाषा जगाकडे कुठे एका नजरेने पाहतात आणि कुठे नाही, हे शिकते. पण यांचा मारा करू नये. कोटी समजावून सांगावी लागली की ती मेली, आणि ब्रिटिश वृत्तपत्रांतली गूढ शब्दकोडी तर इंग्रजांनाही सुटत नाहीत. नवशिक्याला आठवड्यातून एखादी कोटी पुरे.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. तेव्हापासून मराठी शाळेतले मूल दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी शिकते. त्याआधीच्या कितीतरी पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर वाढल्या, तिथे वाक्ये उलथीपालथी करण्याची शिस्त तरी होती. आता भाषांतर गेले आणि त्याच्या जागी विचार करायला लावणारे दुसरे काही ठामपणे आले नाही. बालभारतीच्या पुस्तकांत खेळ आणि कोडी आहेत, पण तास संपत आला की सगळ्यात आधी वगळला जातो तो त्यांचाच भाग.

आणि तरीही याच मुलांना तर्काची कोडी उत्तम येतात! शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीची कोणतीही वही उघडून पाहा. रांगेत रमेश डावीकडून सातवा आणि उजवीकडून बारावा, तर रांगेत मुले किती? सूर्योदयाला सुरेशची सावली उजवीकडे पडली, तर त्याचे तोंड कोणत्या दिशेला? सांकेतिक भाषा, समसंबंध, नातेसंबंध, वेन आकृती. जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुले ही कोडी चटाचट सोडवतात, त्यांचे गुरुजी शाळा सुटल्यावर थांबून जादा तास घेतात. गंमत म्हणजे या परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात तृतीय भाषा इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी या दोन्ही एकत्रच बसतात. एकच प्रश्नपुस्तिका, एकच उत्तरपत्रिका. पण दोघींची आपसात ओळख नाही. बुद्धिमत्ता मराठीत विचारली जाते आणि इंग्रजीत बुद्धीला फारसे काम नसते.

त्यांची गाठ घालून देणे अवघड नाही. नातेसंबंधाचे कोडे घ्या. ‘शी इज रवीज मदर्स ब्रदर्स वाइफ.’ ती रवीची कोण? मामी. इंग्रजीत मावशी, आत्या, काकू आणि मामी या चौघींना मिळून एकच ‘आंट’, त्यामुळे नेमके नाते सांगायचे तर इंग्रजीला अशी साखळीच जोडावी लागते. मराठी मूल ती साखळी एकेक कडी धरून उलगडते: रवीची आई, तिचा भाऊ, त्याची बायको. ज्या षष्ठीच्या ‘स’पुढे व्याकरणाचे पुस्तक हात टेकते, तो इथे चार ओळींत पक्का होतो. दिशांच्या कोड्यांतून ‘टर्न लेफ्ट’, ‘फेसिंग नॉर्थ’. रांगेच्या कोड्यांतून ‘सेव्हन्थ फ्रॉम द लेफ्ट’. मुलाला कोड्याची रीत आधीपासून ठाऊक असल्याने सगळी मेहनत भाषेवर जाते. नवी भाषा आणि नवी युक्ती यांचे दुहेरी ओझे त्याच्यावर पडत नाही.

यावर शिक्षकांचे आक्षेप ठरलेले आहेत आणि ते खोटे नाहीत. मुले इंग्रजी कोडे मराठीत बोलून सोडवतात, हा पहिला. सोडवू द्यावीत. प्रभूंच्या वर्गांतही मातृभाषेवर बंदी नव्हती. सूचना इंग्रजीत समजली हे महत्त्वाचे, चर्चेत मराठी आली तर आकाश कोसळत नाही. अभ्यासक्रम पुरा होत नाही, हा दुसरा. एका कोड्याला दहा मिनिटे लागतात. तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही: शिक्षकाला स्वतःलाच इंग्रजी बोलण्याचा संकोच असतो. खरे तर त्याच्यासाठी कोडे हा आधार आहे. धड्यावर मोकळे बोलायचे म्हटले की भीती वाटते. कोड्याची वाक्ये ठरलेली असतात, ती आदल्या दिवशी वाचून ठेवता येतात, उत्तरही पक्के असते.

नवे पुस्तक, नवे ॲप, नवे प्रशिक्षण शिबिर यांची वाट पाहण्याची गरज नाही. साहित्य प्रत्येक शाळेच्या कपाटात धूळ खात पडले आहे. गुरुजींनी आणि बाईंनी बुद्धिमत्तेच्या जुन्या वहीतले एक कोडे उचलावे, त्याची तीन-चार वाक्ये सोप्या इंग्रजीत लिहावीत आणि आठवड्यातून एकदा इंग्रजीच्या तासाला फळ्यावर मांडावे. राज्य परीक्षा परिषदेने शिष्यवृत्तीच्या त्या दुसऱ्या पेपरातले पाच प्रश्न इंग्रजीतल्या तर्काचे ठेवावेत. परीक्षेत आले की वर्गात येतेच, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे. पालकांनी पुढच्या सभेत एवढे जरूर विचारावे, की या महिन्यात मुलांनी इंग्रजीत कोणते कोडे सोडवले.